गुंड पितळेचा होता

बाईला काही गुन्हा करायचाच असेल तर तो लग्नाआधी करून घ्यावा, असा माझा नातींना सल्ला आहे. चोराला दाढी वाढवावी लागते, गाव सोडावं लागतं. बाईने नुसतं बोहल्यावर उभं राहायचं. आडनाव जातं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि आमच्यासारख्या घरांत तर ताटात तांदूळ पसरून अंगठीने पहिलं नावही नवं लिहितात. पोलीस माहेरच्या पोरीला शोधत बसतात आणि ती पोरगी सासरी भलत्याच नावाने पुरण वाटत असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः अशीच सुटलेली आहे. पण माझं नंतर. आधी आमच्या स्वयंपाकवालीचं. इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही, कारण सगळा घोळ नावांनीच केला.

ती अमरावतीला माझ्याकडे सहा वर्षं स्वयंपाकाला येत होती. मी तिला पोरगी म्हणते, पण आहे तिशीची, दोन लेकरांची आई. माहेर अकोल्याचं, सासर परतवाड्याचं. नवरा परतवाडा लाइनीवर काळीपिवळी चालवतो आणि गाडीत माणसं कोंबण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. लग्नात हिचं नाव बदललं, कारण थोरल्या जावेचंही तेच नाव होतं. एका घरात एका नावाच्या दोन सुना असल्या तर सासूने शिवी नेमकी कोणाला दिली हे कळत नाही, म्हणून.

मागच्या वर्षी मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली आणि निवड यादीत हिचा पहिला नंबर लागला. कायमची नोकरी. अट एकच, महिनाभरात पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणून द्यायचा. नाहीतर जागा दुसऱ्या नंबरच्या बाईला. मी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. अर्जात एक रकाना होता, ‘यापूर्वीचे नाव असल्यास’. त्याच्या खाली दुसरा, ‘पूर्वी गुन्हा दाखल असल्यास तपशील’. तिथे माझा पेन पोहोचला आणि ती उठून धुतलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. एरवी कणीक मळता मळता सगळ्या मोहल्ल्याची बातमीपत्रं वाचणारी बाई.

मग हळूच बाहेर आलं. लग्नाआधी, एकोणीस वर्षांची असताना, अकोल्याला नळावर भांडण झालं होतं. आठवड्याने पाणी आलेलं, शेजारीण मध्ये घुसली, आणि हिने हातातला गुंड तिच्या डोक्यात घातला. आमच्याकडे पाणी भरायच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. लग्नात गुंड-गंगाळ देतात ते. शेजारणीला टाके पडले. केस झाली, कोर्ट झालं. पुढे काय झालं ते हिला धड सांगता येईना. जजसाहेब काहीतरी बोलले, हिने प्रत्येक वाक्याला ‘हाव साहेब’ म्हटलं, आणि घरी जा म्हणाले. शिक्षा झाली की सुटली, तिलाच ठाऊक नाही.

मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, दोन्ही रकान्यांत ‘निरंक’ लिहून टाक. सरकारी कागदावर काही नसलं की निरंक लिहितात. फार सोवळा शब्द आहे, लिहिला की अंघोळ केल्यासारखं वाटतं. मी तो पन्नास वर्षांपूर्वी लिहिला होता आणि त्यावर एक अख्खी नोकरी केली होती.

तर आता माझं. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होते आणि स्वतःला मोठी बंडखोर समजत होते. बंडखोरी म्हणजे काय, तर दोन वेण्यांची एक केली होती. ते टंचाईचे दिवस होते. रेशनवर मिळणाऱ्या लाल ज्वारीला कुत्रं तोंड लावत नसे. बायकांचा लाटणं मोर्चा निघाला. मी त्यात गेले ती गरिबांच्या कळवळ्याने, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं की त्याच दुपारी मला बघायला चांदूर रेल्वेहून एक स्थळ येणार होतं आणि मला पोहे घेऊन बाहेर यायचं नव्हतं. गर्दीत एका पोलिसाने माझ्या हातातलं लाटणं ओढलं. ते आईचं सागवानी लाटणं होतं. ते हरवून घरी जायची माझी छाती नव्हती, म्हणून मी त्याच्या मनगटाला चावले. क्रांती वगैरे काही नाही. आईची भीती.

बाकीच्या बायकांना संध्याकाळी सोडून दिलं, मला कोर्टात उभं केलं. शिक्षा झाली, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे बाकावर बसायचं आणि साहेब घरी गेले की आपणही जायचं. मी मान ताठ ठेवून, ओठ घट्ट मिटून, फासाकडे निघाल्यासारखी तीन तास त्या बाकावर बसले होते. शेजारी विनातिकीट प्रवासाचे दोघं होते, ते शेंगा खात होते. मला देत होते, तर मी बाणेदारपणे नाही म्हटलं. मूर्ख कुठली. भूक तर लागली होती. बाहेर हार घेऊन लोक उभे असतील असं मला वाटत होतं. बाहेर वडील उभे होते, सायकल घेऊन. आणि लाटणं मुद्देमालात गेलं ते गेलंच.

चार महिन्यांत मला अमरावतीला देऊन टाकलं. घर वकिलांचं, सासरे वकील, नवरा वकील. सासूचं आणि माझं नाव एकच निघालं. नवऱ्याने बायकोला हाक मारली आणि आईने ओ दिली तर काय करायचं, म्हणून माझं नाव बदललं. मी ताटातल्या तांदळाकडे बघत मनात म्हटलं, चला, ती चावणारी मेली. पुढे शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा हाच अर्ज आला. नवरा भरत होता. हसत म्हणाला, ‘काही गुन्हेबिन्हे?’ मी म्हटलं, ‘काय असणार बाई माणसाला?’ त्याने लिहिलं, निरंक. अमरावतीच्या पोलिसांनी अमरावतीतल्या नावाची चौकशी अमरावतीत केली आणि मी धुतल्या तांदळासारखी निघाले. अकोल्याला एक पोस्टकार्डसुद्धा कोणी टाकलं नाही.

एवढं होऊन गप्प बसावं की नाही? पण भित्र्याला सुटका पचत नाही. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला फौजदार येत आणि मुख्याध्यापिका होईपर्यंत मी दर सव्वीस जानेवारीला मुतारीमागे उभी राही. मुलांना वाटे, बाईंना देशभक्तीने भरून येतं. आणि वर्गात येऊन मी त्याच मुलांना ‘नेहमी खरे बोलावे’ हे शुद्धलेखन दहा वेळा लिहायला लावी. नवरा गेला तो हे न कळताच गेला. किंवा माहीत असूनही बोलला नसेल; वकील होता, फुकट तोंड उघडत नसे.

असं हे माझं कर्तृत्व. तेच मी शहाणपण म्हणून पोरीपुढे वाढलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

‘आजी, तुमच्या टायमाले कागद जागचे हालत नोयते,’ ती म्हणाली. ‘आता शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, अन् दोन्ही अर्जाले टाचले हायेत. थो दुसऱ्या नंबरच्या बाईचा नवरा माह्या मांगंच टपून बसला हाय. आज म्या लपवलं तं उद्या थो काढीन. मंग नोकरीबी जाईन अन् लबाडबी म्या ठरीन.’

मी म्हटलं, मग लिहिणार काय? शिक्षा झाली की नाही तेच तुला माहीत नाही.

‘तं पाहून येऊ ना,’ ती म्हणाली. ‘अकोला काय लंडनले हाय?’

माझ्या पन्नास वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. बसने दोन-अडीच तास.

आम्ही गेलो. आधी पोलीस ठाण्यात, कारण कोर्टातून नक्कल हवी तर केसचा नंबर हवा, आणि नंबर ठाण्याच्या रजिस्टरात. तिथला हवालदार पोक्त होता, आमच्यावर उपकार करत कॉम्प्युटरपुढे बसला. सासरचं नाव घातलं, काही नाही. माहेरचं, शाळेच्या दाखल्यावरचं घातलं, तरी काही नाही. त्याने आनंदाने खुर्ची मागे ढकलली आणि सांगितलं की बाई, तुम्ही काहीच केलेलं नाही, जा घरी. ती म्हणाली, मी केलंय. तो म्हणाला, रेकॉर्ड नाही म्हणतंय. ती म्हणाली, टाके पडले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या माणसाशी गुन्हा कबूल करायला कोणी असं भांडलेलं नसावं. ‘तुमी बाप्पा अजबच हाय,’ म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

तो येईपर्यंत माझ्यातली मास्तरीण जागी झाली. फिर्याद कोणी दिली? शेजारणीने. ती हिला काय म्हणून हाक मारायची? घरच्या नावाने. वऱ्हाडातल्या पोरीला शाळेच्या हजेरीपटावर एक नाव असतं आणि अंगणात दुसरं. आख्खी आळी अंगणातलं वापरते. शेजारणीने ठाण्यात तेच सांगितलं, पोलिसांनी तेच लिहिलं, कोर्टात तेच पुकारलं आणि ही तिथेही हाव म्हणाली. म्हणजे हिची नावं तीन. हवालदार आल्यावर मी सांगितलं, आरोपीचं सोडा, फिर्यादीचं नाव घाला. शेजारीण तेव्हाच लग्न होऊन दोन लेकरांची आई होती, तिचं नाव कुठे पळून जाणार नव्हतं. दोन मिनिटांत नंबर मिळाला. हवालदाराने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. मला मुतारीमागचे सव्वीस जानेवारी आठवले.

नंबर घेऊन कोर्टात नकलेचा अर्ज दिला. आठवड्याने पुन्हा जाऊन नक्कल आणली. पहिल्या फेरीतच मी कारकुनाला सहज विचारल्यासारखं माझ्याही केसचं विचारून घेतलं. तो म्हणाला, आजी, त्या काळच्या किरकोळ केसेसचे कागद कधीचे नष्ट केले. रद्दी. ज्या कागदाला मी जन्मभर भ्याले त्याला कोणी उंदरानेही जपलं नव्हतं. मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं.

नक्कल मराठीत होती. आरोपीने गुन्हा कबूल केला, पहिलाच गुन्हा, वय एकोणीस, म्हणून शिक्षा न देता समज देऊन सोडलं. नवऱ्याच्या ताटापुढे बसून मी इतका कायदा शिकले होते की अशा सुटकेने नोकरीला बाध येत नाही. पोरीला सांगितलं तर तिने बसस्टँडवरच दोन प्लेट कचोरी खाल्ली. परत येऊन अर्ज भरला. रकान्यात तिने तिन्ही नावं लिहिली, खाली गुन्ह्याचा तपशील, सोबत नक्कल. निरंक कुठेच नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पडताळणीच्या टेबलावर एक तरुण साहेब होते, पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले. बदली होऊन विदर्भात आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दुखऱ्या दाढेसारखा एक भाव असतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. आमची भाषा कानावर पडली की सारखं कोणीतरी आपल्याला ढकलतंय असं त्यांना वाटे. त्यांनी नक्कल वाचली आणि भुवया वर गेल्या. निकालात लिहिलं होतं, ‘आरोपीने फिर्यादीस गुंडाने मारहाण करून दुखापत केली’, आणि शेवटी, ‘सदर गुंड आरोपीच्या आईच्या ताब्यात देण्यात यावा’.

त्यांनी पोरीला विचारलं, ‘हा गुंड सध्या कुठे असतो?’

‘माहेरीच हाय साहेब,’ ती म्हणाली.

‘तुमच्या आईकडे? अजून?’

‘हाव. माय रोज त्याच्यातच पानी भरते.’

साहेबांना त्या ‘त्याच्यात’चा अर्थ लागला नाही, पण गुंड घरगडी म्हणून पाणी भरतो एवढं कळलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, त्याच्यावर आणखी गुन्हे आहेत का. ती गोंधळून म्हणाली की पोचे आहेत, दोन, आणि बूड जरा गळतं. मी शेजारी बसले होते. हसू दाबताना माझी कवळी सुटायची वेळ आली.

हसू नको होतं. साहेबांना वाटलं, म्हातारी त्यांची टिंगल करते आहे, आणि मी करतही होते. त्यांनी पेन उचललं आणि शेऱ्याच्या जागी लिहायला लागले, ‘गुंड प्रवृत्तीच्या इसमाशी संबंध’. ते वाचल्यावर माझं हसू वाळलं. त्या एका ओळीवर हिची नोकरी जाणार होती, आणि मुदतीचे चार दिवस उरले होते. मी सांगितलं की साहेब, गुंड म्हणजे भांडं. पलीकडच्या टेबलावरची आमच्याच भागातली महिला शिपाई म्हणाली, हो साहेब, भांडंच. साहेब म्हणाले, तोंडी चालणार नाही. न्यायालयाचा कागद गुंड म्हणतो, भांडं म्हणत नाही. लेखी आणा.

आता गुंड म्हणजे भांडं हे कोण लेखी देणार? भाकरी म्हणजे भाकरी असं कोणी लिहून ठेवतं का? पुन्हा अकोल्याला जाऊन पंचनाम्याची नक्कल मागावी तर आणखी आठ दिवस. मग मीच त्यांच्याकडे कागद मागितला आणि तिथेच, शाळेच्या अक्षरात, लिहिलं: प्रमाणित करण्यात येते की वऱ्हाडात गुंड म्हणजे पाणी भरण्याचे पितळी भांडे होय, ते मारहाण करू शकते, परंतु स्वतःहून नाही.

साहेबांनी शेवटचं वाक्य खोडायला लावलं. मग म्हणाले, हे तुमचं शपथपत्र म्हणून जोडायचं तर छापील नमुन्यावर तुमची माहिती भरा. नमुना पुढे आला. पूर्ण नाव. यापूर्वीचे नाव असल्यास. पूर्वी गुन्हा असल्यास. सरकारकडे दुसरे प्रश्नच नाहीत.

पोरगी माझ्या हाताकडे बघत होती. तिला माझं सगळं माहीत होतं. निरंकाचा उपदेश करताना मीच फुशारकीने सांगितलं होतं. ज्या नजरेने ती भाकरी फुगते की नाही बघते, तीच नजर. मी माझं माहेरचं नाव लिहिलं. पहिलं अक्षर चुकलं, इतक्या वर्षांत हाताला सवय राहिली नव्हती. खाली लिहिलं, पोलिसास चावणे, अकोला, कोर्ट उठेपर्यंत कैद, कागद नष्ट.

साहेबांनी वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता काहीतरी होईल. निदान उभे तरी राहतील. त्यांनी विचारलं, ‘आजी, तेव्हा पोलिसाला काही झालं होतं का?’

मी म्हटलं, ‘नाही. माझा दात हलला होता.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाले, आणि शिक्का मारला. एवढंच. त्या एका शिक्क्यासाठी मी एकतीस झेंडावंदनं मुतारीमागे काढली होती. माझ्यातल्या त्या वीस-बावीस वर्षांच्या भैताड, बावळट पोरीला कोणी हात धरून सांगायला हवं होतं की बाई, तू एवढी महत्त्वाची नाहीस.

गुंड प्रवृत्तीचा शेरा साहेबांनी खोडला. खोडताना महिला शिपायाला हळूच विचारलं, मग इकडे खऱ्या गुंडाला काय म्हणतात? ती म्हणाली, ‘त्यालेबी गुंडच म्हंते साहेब. पन थो पानी भरत नाही.’

दाखला तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यात तिची तिन्ही नावं आहेत, केस आहे, समज देऊन सोडल्याचं आहे आणि ‘नियुक्तीस हरकत नाही’ हेही आहे. दुसऱ्या नंबरच्या बाईच्या नवऱ्याने खरंच तक्रार दिली, नळावरची केस शोधून काढली म्हणून; तर त्याला वसतिगृहाच्या कार्यालयातून सांगितलं, आम्हाला माहीत आहे, बाईंनीच लिहून दिलंय. तो म्हणे तिथल्या कारकुनाशी भांडला की अशा बाया स्वतःहून लिहायला लागल्या तर माणसाने तक्रार कशाची करायची.

ती आता सकाळी साडेपाचला वसतिगृहात जाते आणि साठ मुलींचा स्वयंपाक करते. मला सांगत होती, तिथे घरचं, शाळेचं, सासरचं असं काही नाही, सगळ्या ‘काकू’च म्हणतात. माझ्याकडे यायला तिला वेळ नाही. बदली म्हणून तिने एक बाई पाठवली होती; तिने तीन दिवसांत माझ्या वरणात इतकं पाणी घातलं की मी तिला नळावर जायला सांगितलं. सध्या मीच करते. भाकरी एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते. पोरीने परवा येऊन पाहिली, उलटसुलट केली आणि म्हणाली, ‘आजी, थे कागद लिहिनं सोपं व्हतं बरं तुमाले.’ आणि माझं उरलेलं पीठ जवळ ओढून बसली.